चंद्र व ग्रहांचे हौशी छायाचित्रण

चंद्र व ग्रहांचे हौशी छायाचित्रण हा खगोलीय छायाचित्रणाचा एक प्रकार आहे. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ नसलेल्या व्यक्ती स्वतःच्या दूरदर्शीने व कॅमेऱ्याने चंद्र, शुक्र, मंगळ, गुरू, शनी इत्यादी सूर्यमालेतील तेजस्वी वस्तूंची जी छायाचित्रे घेतात, त्यांचा समावेश या प्रकारात होतो. तेजोमेघ व दीर्घिका यांच्या छायाचित्रणासाठी अंधारे आकाश लागते आणि कित्येक तासांचा प्रकाश साठवावा लागतो. चंद्र व ग्रह मात्र मुळातच तेजस्वी असल्यामुळे त्यांची छायाचित्रे शहरातील किंवा गावातील घराच्या गच्चीवरूनही घेता येतात. या छंदातील मुख्य अडचण अंधाराची नसून हवेच्या अस्थैर्याची असते.

महाराष्ट्रात या छंदाला अनुकूल व प्रतिकूल ठरणाऱ्या गोष्टींचे चांगले उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर या तालुक्यांकडे पाहता येते. पर्जन्यछायेतील कमी पाऊस, सुमारे १८ अंश उत्तर अक्षांश, उजनी जलाशयाचा विस्तार, बागायती शेतीमुळे पडणारे दव आणि साखर हंगामातील धूर या सर्वांचा परिणाम येथून घेतलेल्या चित्रांवर होतो.

स्वरूप

आकाशातील वस्तूंचा दिसणारा आकार अंश, कला व विकला या कोनीय मापांत सांगतात. एका अंशाच्या ६० कला व एका कलेच्या ६० विकला होतात. चंद्राचे बिंब सुमारे ३१ कला, म्हणजे साधारण अर्ध्या अंशाचे असते. गुरूचे बिंब प्रतियुतीच्या सुमारास ४४ ते ५० विकलांचे, शनीचे सुमारे १८ ते २० विकलांचे, तर मंगळाचे त्याच्या अंतरानुसार ४ ते २५ विकलांचे दिसते. गुरूसारखी सुमारे चाळीस बिंबे एका ओळीत मांडली, तर चंद्राच्या बिंबाची रुंदी भरते. यामुळे चंद्राचे छायाचित्र लांब पल्ल्याच्या साध्या भिंगानेही घेता येते. ग्रहांच्या पृष्ठावरील तपशील टिपण्यासाठी मात्र मोठे नाभीय अंतर असलेला दूरदर्शी लागतो.

दूरदर्शीची तपशील वेगळे करण्याची क्षमता त्याच्या मुख्य भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर अवलंबून असते. व्यासाचे मिलिमीटरमधील माप घेऊन त्याने ११६ या संख्येस भागले असता ही क्षमता विकलांमध्ये मिळते. त्यानुसार १५० मिमी व्यासाच्या दूरदर्शीची मर्यादा सुमारे ०.७७ विकला व २०० मिमीची सुमारे ०.५८ विकला आहे. चंद्राच्या सरासरी अंतरावर, म्हणजे ३,८४,४०० किमीवर, एक विकला सुमारे १.९ किमीएवढी भरते. म्हणून २०० मिमीच्या दूरदर्शीने चंद्रावरील एक किलोमीटरहून किंचित मोठे तपशील तत्त्वतः वेगळे दिसू शकतात. चांद्रयान–३ मोहिमेचे २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेले लँडर किंवा अपोलो मोहिमांचे अवशेष काही मीटर आकाराचे असल्यामुळे पृथ्वीवरील कोणत्याही हौशी दूरदर्शीतून दिसू शकत नाहीत.

इतिहास

चंद्राचे पहिले चांगले छायाचित्र घेण्याचे श्रेय सामान्यतः न्यूयॉर्क येथील जॉन विल्यम ड्रेपर यांना दिले जाते. त्यांनी १८४० साली डॅगेरोटाइप पद्धतीने चंद्राचे चित्र टिपले. पुढील काही दशकांत ओल्या व नंतर कोरड्या काचपट्ट्यांमुळे चंद्राच्या छायाचित्रणात मोठी प्रगती झाली. ग्रहांची चित्रे मात्र दीर्घकाळ असमाधानकारक राहिली. काचपट्टीला किंवा फिल्मला ग्रहाचे चित्र उमटवण्यासाठी काही सेकंद लागत आणि तेवढ्या वेळात हवेच्या हालचालीमुळे तपशील पुसले जात. त्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ग्रहांचे अनुभवी निरीक्षक डोळ्याने पाहून हाताने काढलेली रेखाटने छायाचित्रांपेक्षा अधिक विश्वसनीय मानत.

महाराष्ट्रात खगोलीय छायाचित्रणाचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात (आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या देखरेखीखाली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. १८८८ साली सुरू झालेल्या या वेधशाळेत ग्रब यांनी बनवलेला २० इंच व्यासाचा परावर्ती दूरदर्शी होता. वेधशाळा १९१२ साली बंद झाल्यावर हा दूरदर्शी कोडाइकनाल येथे नेण्यात आला.

२२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवाला यांनी आपला तळ जेऊर येथे ठोकला. जेऊर हे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात, इंदापूर तालुक्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या भीमा नदीच्या पलीकडे, लोहमार्गावर वसलेले गाव आहे. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल हेही आपले पथक घेऊन तेथेच आले होते. त्यांच्याकडे सूर्यप्रभेच्या छायाचित्रणासाठी ४० फूट लांबीचा कॅमेरा होता. जानेवारीतील निरभ्र आकाश व रेल्वेची सोय ही या भागाची अनुकूलता तेव्हाच्या संशोधकांना उपयोगी पडली. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकली.

हौशी खगोल अभ्यासाला महाराष्ट्रात संघटित रूप आले ते १९४४ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेमुळे. पुढे मुंबईतील खगोल मंडळासारख्या संस्था उभ्या राहिल्या. १९८८ साली पुण्यात आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच आयुका, स्थापन झाल्यावर शालेय विद्यार्थी व हौशी निरीक्षक यांना मार्गदर्शनाचे आणखी एक ठिकाण मिळाले. आरसा स्वतः घासून दूरदर्शी बनवण्याच्या कार्यशाळांमुळे परदेशी उपकरण न परवडणाऱ्यांनाही या छंदात प्रवेश मिळाला.

ग्रहांच्या छायाचित्रणात खरा पालट २००० सालाच्या सुमारास झाला. संगणकाला जोडण्याचे साधे वेबकॅमेरे दूरदर्शीला लावून ग्रहाची चलचित्रफीत घ्यायची व तिच्यातील निवडक फ्रेम एकत्र करायच्या, ही पद्धत रूढ झाली. डेव्हिड फ्रीड यांनी १९७८ साली अस्थिर हवेतूनही अल्पकाळाचे एखादे चित्र सुस्पष्ट येण्याची संभाव्यता गणिताने मांडली होती. त्याच तत्त्वाचा हा प्रत्यक्ष उपयोग होता. या पद्धतीमुळे हौशी व्यक्तींच्या ग्रहचित्रांनी पूर्वीच्या काळातील मोठ्या वेधशाळांच्या फिल्मवरील चित्रांना मागे टाकले.

साधने

दूरदर्शी : या छंदासाठी प्रामुख्याने तीन प्रकारचे दूरदर्शी वापरले जातात. भिंगांचा अपवर्ती दूरदर्शी हाताळण्यास सोपा असतो, पण मोठ्या व्यासात महाग पडतो. न्यूटन पद्धतीचा परावर्ती दूरदर्शी कमी खर्चात मोठा व्यास देतो, मात्र त्याचे आरसे वेळोवेळी जुळवावे लागतात. आरसा व भिंग यांचा संयुक्त उपयोग करणारे कॅसेग्रेन प्रकारचे दूरदर्शी आखूड नळीत मोठे नाभीय अंतर देतात, म्हणून ग्रहांसाठी ते लोकप्रिय आहेत.

बैठक : पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाशातील वस्तू दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकताना दिसते. नाभीय अंतर २,००० मिमी व कॅमेऱ्याच्या संवेदकाची रुंदी ५.६ मिमी असेल, तर स्थिर दूरदर्शीतून ग्रह सुमारे ४० सेकंदांत चौकटीबाहेर जातो. विषुववृत्तीय बैठक मोटारीच्या साह्याने वस्तूचा पाठलाग करते. तिचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. बारामतीच्या अक्षांशावर ध्रुवतारा क्षितिजापासून केवळ १८ अंश उंच असतो. त्यामुळे उत्तरेकडे झाडे, इमारती किंवा धुळीचा थर असल्यास तो दिसत नाही आणि अक्ष होकायंत्राच्या व कलमापकाच्या साह्याने अंदाजे जुळवावा लागतो. ग्रहांच्या अल्पकालीन चित्रीकरणास एवढी अचूकता पुरते. जॉन डॉब्सन यांनी लोकप्रिय केलेल्या साध्या लाकडी बैठकीवरील दूरदर्शीनेही, ग्रह चौकटीत पुन्हा पुन्हा आणत, चांगली चित्रे घेता येतात.

कॅमेरा : चंद्राच्या पूर्ण बिंबासाठी डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा सोयीचा असतो. संवेदकावर उमटणाऱ्या चंद्राचा व्यास नाभीय अंतराच्या सुमारे एकशे दहाव्या भागाएवढा असतो. म्हणजे ६०० मिमीच्या भिंगाने साडेपाच मिमी व्यासाची प्रतिमा मिळते. इंदापूर तालुक्यातील भिगवण व कुंभारगाव येथे रोहित व इतर पाणपक्ष्यांची छायाचित्रे घेण्यासाठी जी लांब पल्ल्याची भिंगे वापरली जातात, तीच भिंगे तिपाईवर बसवून चंद्रासाठी वापरता येतात. ग्रहांसाठी लहान संवेदकाचे व दर सेकंदाला शंभर किंवा अधिक फ्रेम घेणारे चलचित्र कॅमेरे वापरतात. मोबाइल संच नेत्रिकेवर धारकाच्या साह्याने बसवूनही चंद्राची व गुरू–शनीची प्राथमिक चित्रे मिळतात. बहुतेकांची सुरुवात याच मार्गाने होते.

बार्लो भिंग : हे भिंग दूरदर्शीचे नाभीय अंतर दुप्पट किंवा तिप्पट करते. नाभीय गुणोत्तर हे संवेदकावरील पिक्सेलच्या मायक्रॉनमधील आकाराच्या सुमारे पाचपट ठेवावे, असा एक व्यावहारिक संकेत आहे. पिक्सेल २.९ मायक्रॉनचा असेल, तर हे गुणोत्तर सुमारे १५ येते. २०० मिमीच्या दूरदर्शीसाठी याचा अर्थ ३,००० मिमी नाभीय अंतर असा होतो. त्यात एक पिक्सेल ०.२ विकला व्यापतो आणि ४६ विकलांचा गुरू सुमारे २३० पिक्सेल रुंद दिसतो. यापलीकडे नाभीय अंतर वाढवल्यास प्रतिमा मोठी होते, परंतु तपशील वाढत नाही आणि प्रकाश मात्र घटतो.

कार्यपद्धती

चित्रीकरणापूर्वी दूरदर्शी किमान अर्धा ते एक तास उघड्यावर ठेवतात. नळीतील हवा व आरसा बाहेरच्या तापमानाला आले नाहीत, तर नळीतच उष्ण हवेचे प्रवाह निर्माण होऊन प्रतिमा थरथरते. त्यानंतर आरशांची जुळणी व नाभीयन तपासले जाते. नाभीयनासाठी गुरूच्या उपग्रहांचा किंवा चंद्राच्या बिंबाच्या कडेचा उपयोग होतो.

प्रत्यक्ष चित्रीकरणात फायरकॅप्चर किंवा शार्पकॅप यांसारख्या संगणकप्रणालीने काही हजार फ्रेमची चित्रफीत घेतली जाते. एका फ्रेमचा प्रकाशनकाल काही मिलिसेकंद ठेवतात, जेणेकरून हवेची क्षणिक हालचाल त्या फ्रेमपुरती गोठते. नंतर ऑटोस्टॅकर्टसारखी प्रणाली प्रत्येक फ्रेमची सुस्पष्टता मोजते आणि त्यांतील उत्तम फ्रेम एकमेकींवर अचूक रचते. या क्रियेस स्टॅकिंग म्हणतात. त्यामुळे प्रतिमेतील यादृच्छिक कण, म्हणजे नॉइज, एकत्र केलेल्या फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. शंभर फ्रेम रचल्यास तो दशांश होतो. शेवटी रजिस्टॅक्ससारख्या प्रणालीतील वेव्हलेट पद्धतीने तपशील उठावदार केले जातात.

चित्रफितीची लांबी ग्रहाच्या परिवलनाने मर्यादित होते. गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो. त्याचे बिंब ४६ विकलांचे असताना मध्यभागातील तपशील दर मिनिटाला सुमारे पाव विकला सरकतात. २०० मिमीच्या दूरदर्शीची मर्यादा ०.५८ विकला असल्याने दोन–अडीच मिनिटांपेक्षा लांब चित्रफीत घेतल्यास गुरूच्या पट्ट्यांतील तपशील पुसट होतात. शनीच्या लहान बिंबामुळे त्याच्यासाठी हा काळ पाच–सहा मिनिटे व मंगळासाठी पंधरा मिनिटांच्या आसपास येतो. विनजूपोस या प्रणालीने निरनिराळ्या वेळच्या चित्रांतील परिवलन गणिताने काढून टाकून ही मर्यादा काही प्रमाणात ओलांडता येते. त्यासाठी प्रत्येक चित्रफितीची वेळ अचूक नोंदलेली असणे आवश्यक असते.

चंद्राचे छायाचित्रण

पौर्णिमेचा चंद्र सर्वांत आकर्षक वाटत असला, तरी पृष्ठरचनेच्या छायाचित्रणासाठी तो सर्वांत कमी उपयुक्त असतो. त्या वेळी सूर्यप्रकाश जवळजवळ आपल्याच दिशेने पडत असल्यामुळे डोंगर व विवरे यांच्या सावल्या दिसत नाहीत. याउलट इतर तिथींना प्रकाशित व अप्रकाशित भागांच्या सीमेवर सूर्य क्षितिजालगत असतो आणि लहान उंचवट्यांच्याही लांब सावल्या पडतात. ही सीमारेषा रोज पुढे सरकते. शुक्ल पक्षातील पंचमी–षष्ठीच्या सुमारास थिओफिलस विवर, अष्टमीच्या आसपास सुमारे ११० किमी लांबीची सरळ भिंत, तर त्यानंतर एक–दोन दिवसांत ९३ किमी व्यासाचे कोपर्निकस विवर उत्तम दिसते. पौर्णिमेच्या आसपास टायको विवरातून निघणारे तेजस्वी किरणपट्टे व समुद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सपाट प्रदेशांच्या रंगछटा टिपता येतात. लोह व टायटेनियम यांच्या प्रमाणातील फरकामुळे या छटा किंचित निळसर किंवा तांबूस असतात. रंगांची तीव्रता वाढवल्यावर त्या डोळ्याला जाणवतात.

पौर्णिमेच्या चंद्रासाठी नाभीय गुणोत्तर ११ ठेवून आयएसओ १०० असताना एक शतांश सेकंद, हा प्रकाशनकालाचा पारंपरिक ठोकताळा आहे. चंद्रकोरीसाठी यापेक्षा अधिक वेळ लागतो. तृतीयेच्या कोरीबरोबर दिसणारा मंद पृथ्वीप्रकाश टिपण्यासाठी एक ते काही सेकंद द्यावे लागतात. दोन्ही भाग एकाच चित्रात हवे असल्यास वेगवेगळ्या प्रकाशनकालांची चित्रे जोडली जातात.

ग्रहांचे छायाचित्रण

गुरू हा नवशिक्यांसाठी सर्वांत अनुकूल ग्रह मानला जातो. त्याचे विषुववृत्तीय पट्टे, तांबडा डाग आणि चार मोठ्या उपग्रहांच्या सावल्या मध्यम दूरदर्शीतूनही टिपता येतात. शनीच्या कड्यांचा कल सुमारे साडेएकोणतीस वर्षांच्या त्याच्या कक्षाकाळात बदलत राहतो. कडी जास्तीत जास्त सुमारे २७ अंश कललेली दिसतात, तर मार्च २०२५ मध्ये पृथ्वी त्यांच्या पातळीतून गेल्याने ती जवळजवळ दिसेनाशी झाली होती. शुक्राच्या कला टिपणे सोपे असते. त्याच्या ढगांतील नक्षी मात्र अतिनील गाळणी वापरल्यासच उमटते.

मंगळाची प्रतियुती सुमारे २६ महिन्यांनी येते, परंतु प्रत्येक प्रतियुतीतील त्याचे अंतर सारखे नसते. २७ ऑगस्ट २००३ रोजी त्याचे बिंब २५ विकलांचे होते, १३ ऑक्टोबर २०२० च्या प्रतियुतीत सुमारे साडेबावीस विकलांचे, तर जानेवारी २०२५ मध्ये ते साडेचौदा विकलांच्या आसपास होते. मंगळ सूर्याच्या सर्वांत जवळ असताना होणाऱ्या प्रतियुती नेहमी जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान येतात. परिणामी मंगळाच्या सर्वोत्तम प्रतियुती महाराष्ट्रात पावसाळ्यातच पडतात. सप्टेंबर २०३५ मधील पुढील मोठी प्रतियुतीही याला अपवाद नाही.

बारामती व इंदापूर परिसरातील परिस्थिती

बारामती व इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतात. घाटमाथ्यावर कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडत असताना येथे वर्षाकाठी सरासरी ५०० मिमीच्या आसपास पाऊस होतो. शेतीच्या दृष्टीने या भागाने अवर्षणाची मोठी किंमत मोजली आहे. निरीक्षकाला मात्र त्यामुळे पावसाळ्यातही अधूनमधून मोकळ्या रात्री मिळण्याची शक्यता पुणे शहर किंवा मावळापेक्षा अधिक असते. २०२२ ते २०२५ या काळात शनीची प्रतियुती ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये आली. शनीची प्रतियुती दरवर्षी सुमारे १३ दिवस पुढे सरकत असल्याने २०२६ पासून ती ऑक्टोबरात व नंतर हिवाळ्याकडे जाते. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री ११ ते १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत चाललेली खग्रास चंद्रग्रहणाची अवस्थाही पावसाळ्यातच आली होती.

अक्षांश हा या परिसराचा दुसरा फायदा आहे. ग्रह क्रांतिवृत्ताच्या जवळून फिरतात आणि येथून क्रांतिवृत्ताचा उत्तरेकडील भाग जवळजवळ डोक्यावरून जातो. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२६ च्या प्रतियुतींच्या वेळी गुरूची उत्तर क्रांती सुमारे २२ अंश असल्याने तो बारामतीच्या खमध्यापासून अवघ्या चार अंशांवरून गेला. शनी २०१८ साली आकाशाच्या दक्षिण भागात होता; तेव्हा लंडनहून तो क्षितिजापासून जेमतेम १६ अंश उंच जात असे, तर बारामतीहून सुमारे ४९ अंश. वस्तू ३० अंश उंचीवर असताना तिचा प्रकाश खमध्याच्या तुलनेत दुप्पट हवेतून येतो. म्हणून युरोपातील निरीक्षकांना वातावरणामुळे होणारे रंगांचे विभाजन सुधारण्यासाठी जे विशेष लोलक वापरावे लागतात, त्यांची गरज येथे पुष्कळदा भासत नाही. खमध्याजवळ एक अडचणही उद्भवते: डॉब्सन बैठकीवरील दूरदर्शी तेथे नेमका वळवणे अवघड जाते.

भीमा नदीवरील उजनी धरणाच्या जलाशयाची फूग इंदापूर तालुक्याच्या उत्तर व पूर्व सीमेवर पसरलेली आहे. मोठ्या जलाशयाचे पाणी रात्री जमिनीपेक्षा सावकाश थंड होते. त्यामुळे त्याच्या काठावर हवेचे तापमान एकदम घसरत नाही व पाण्यावरून येणारा संथ वारा बहुधा कमी खळबळीचा असतो. याउलट दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या गच्चीवरून, पत्र्याच्या छपरावरून व डांबरी रस्त्यावरून रात्री उष्ण हवा वर जात राहते. गच्चीऐवजी गवताळ किंवा मातीच्या अंगणात दूरदर्शी मांडल्यास आणि मध्यरात्रीनंतर चित्रीकरण केल्यास प्रतिमा अधिक स्थिर मिळते.

कालव्याच्या पाण्यावर वाढलेली बागायती शेती हवेत बाष्प वाढवते. हिवाळ्याच्या रात्री उसाच्या फडांजवळ व जलाशयाकाठी भिंगांवर दव साचते आणि पहाटे धुके उतरते. यावर उपाय म्हणून नळीच्या तोंडाशी पुठ्ठ्याचे किंवा फोमचे दवरोधक आवरण बसवतात, अथवा १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारी उष्णपट्टी गुंडाळतात. ऊसतोडणीचा व गाळपाचा हंगाम हिवाळ्यात असतो. या काळात पाचट जाळल्याने व धुराड्यांमुळे हवेच्या खालच्या थरात धूर साचतो. क्षितिजालगतचे ग्रह त्यामुळे तांबूस व अंधुक दिसतात. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू व शनी यांची केवळ सहा कला अंतराची महायुती पश्चिम क्षितिजाजवळ झाली. अशा प्रसंगी क्षितिजावरील धूर व धूळ निर्णायक ठरते.

औद्योगिक वसाहत, बाजारपेठा व महामार्ग यांच्या दिव्यांमुळे बारामती, इंदापूर व भिगवण येथील आकाश पूर्वीएवढे अंधारे राहिलेले नाही. आकाशगंगेचा पट्टा टिपू इच्छिणाऱ्यांचे यामुळे नुकसान होते. चंद्र व ग्रह यांच्या छायाचित्रणावर मात्र प्रकाशप्रदूषणाचा परिणाम नगण्य असतो. शहरवस्तीतील विद्यार्थ्याला घर न सोडता करता येण्याजोगा हा खगोलीय छंद आहे, तो याच कारणामुळे.

वैज्ञानिक उपयोग

हौशी छायाचित्रांचे महत्त्व केवळ सौंदर्यापुरते मर्यादित नाही. मोठ्या दूरदर्शींचा वेळ मर्यादित असल्यामुळे ग्रहांवर रोज लक्ष ठेवण्याचे काम बऱ्याच अंशी जगभरातील हौशी निरीक्षक करतात. फिलिपिन्समधील क्रिस्टोफर गो यांनी २००६ साली गुरूवरील एक पांढरा डाग तांबडा झाल्याचे लक्षात आणून दिले. ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली यांना १९ जुलै २००९ रोजी गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक नवा काळा डाग आढळला. एखादी वस्तू गुरूवर आदळल्याची ती खूण असल्याचे मोठ्या दूरदर्शींनी नंतर स्पष्ट केले. २०१६ साली गुरूजवळ पोहोचलेल्या जूनो यानाच्या कॅमेऱ्याने काय टिपावे, हे ठरवतानाही हौशी निरीक्षकांच्या चित्रांचा उपयोग करण्यात आला.

अशा कामात रेखांशाला महत्त्व असते. गुरू सुमारे दहा तासांत एक फेरी पूर्ण करत असल्याने त्याची एकच बाजू ऑस्ट्रेलिया, भारत व युरोप येथील निरीक्षकांना क्रमाने वेगवेगळी दिसते. भारतातील रात्रीची नोंद नसेल, तर अखंड निरीक्षणात काही तासांचे खिंडार पडते. म्हणून एखाद्या लहान गावातून घेतलेल्या, परंतु वेळ अचूक नोंदलेल्या चित्रालाही मूल्य असते. अशा नोंदीत दिनांक, जागतिक प्रमाणवेळ (भारतीय प्रमाणवेळेतून साडेपाच तास वजा केल्यावर मिळणारी), स्थळ, दूरदर्शीचा व्यास, नाभीय अंतर, कॅमेरा, गाळणी आणि प्रतिमेची दिशा यांचा समावेश असावा लागतो. न्यूटन पद्धतीच्या दूरदर्शीतून प्रतिमा उलटी दिसते, तर कर्णारसा वापरल्यास डावे–उजवे बदलते. दिशा न नोंदलेल्या चित्रावरून डागाचे स्थान ठरवता येत नाही.

सत्यता व संस्करण

या छंदातील वादाचा प्रमुख मुद्दा संस्करणाच्या मर्यादेचा आहे. स्टॅकिंग व तीक्ष्णीकरण या क्रिया टिपलेल्या माहितीतूनच तपशील बाहेर काढतात. परंतु तीक्ष्णीकरण अती झाल्यास ग्रहाच्या कडेला खोटी कडी, विवरांभोवती काळ्या रेषा व पृष्ठावर कृत्रिम दाणे निर्माण होतात. अलीकडे काही मोबाइल संच व कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणाली चंद्र ओळखून, आधी शिकलेल्या चित्रांच्या आधारे त्यात तपशील भरतात. असे चित्र आकर्षक असते, परंतु त्या रात्री त्या ठिकाणाहून जे दिसले त्याचा तो पुरावा राहत नाही. गुरूवर नवा डाग उमटला, तरी जुन्या चित्रांवर शिकलेली प्रणाली तो पुसून टाकू शकते.

एखादा तपशील खरा आहे की नाही, हे तपासण्याची साधी पद्धत म्हणजे काही मिनिटांच्या अंतराने दोन स्वतंत्र चित्रफिती घेऊन त्यांवर वेगवेगळे संस्करण करणे. दोन्हींत दिसणारा व ग्रहाच्या परिवलनाबरोबर सरकणारा तपशील खरा समजला जातो. अनेक चित्रे जोडून केलेल्या रचनेत, उदाहरणार्थ इमारतीमागे मोठा चंद्र दाखवताना, ती रचना आहे असे नमूद करण्याचा संकेत आहे.

सुरक्षितता

दूरदर्शी किंवा लांब पल्ल्याचे भिंग सूर्याकडे रोखणे डोळ्यांसाठी अत्यंत धोकादायक आहे. दिवसा किंवा सूर्यास्तापूर्वी शुक्र वा चंद्रकोर शोधताना सूर्य इमारतीच्या किंवा भिंतीच्या आड असल्याची खात्री करावी लागते. आकाशातील तारे दाखवण्यासाठी वापरले जाणारे हिरवे लेझर विमानांच्या दिशेने रोखू नये. बारामती विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण चालत असल्याने तेथे याची विशेष काळजी आवश्यक ठरते. उसाच्या पट्ट्यात व जलाशयाकाठी रात्री साप व बिबट्या यांचा वावर असू शकतो. त्यामुळे शेतात निरीक्षण करताना एकट्याने न जाणे, जागा दिवसा पाहून ठेवणे, जमीनमालकाची परवानगी घेणे व विजेरी जवळ बाळगणे हितावह असते.